उर्फ लिहायचं राहिलं

मृत्यूच्या दाखल्यासाठी गेल्या महिन्यात मी तिसऱ्यांदा खिडकीवर गेलो आणि तिसऱ्यांदा भांडून परत आलो. माझी बायको गेली त्याला आता आठ महिने होतील. दाखल्यावर तिचं नाव आहे. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. मी म्हणलं, साहेब, याच्यापुढं ‘उर्फ’ घालून तिचं दुसरं नाव लिहायचंय. आतला म्हणाला, “आजोबा, कंप्युटरमधे नावाला एकच रकाना आहे. उर्फाला जागा नाही.”

“मग जागा करा.”

“ते वरून होतं.”

“वरून म्हणजे कुठून? तिथंच गेलीय ती.”

मागं उभी असलेली माणसं हसली. मला हसू आलं नाही. वकिलाचा कारकून म्हणून मी नगरच्या कोर्टात चाळीस वर्षं घासली. ‘उर्फ’ हा शब्द माझ्या हातून जितक्या वेळा लिहून झाला असेल तितक्या वेळा त्या खिडकीतल्या माणसानं चहा प्यायला नसेल. आणि माझ्याच बायकोच्या वेळी मला सांगतात जागा नाही.

या अंकाचे संपादक घरी आले ते नेमके त्याच दिवशी. म्हणाले, तुमच्या धंद्यातले अनुभव लिहा. मी म्हणलं, माझं शिक्षण मराठी चौथी, मला कागद लिहिता येतो, लेख येत नाही. तर आमची नातसून मधेच म्हणाली, “लिहा हो आजोबा. तुम्ही म्हणजे त्या काळातले पॅरालीगलच की.” ती सध्या त्याचा, म्हणजे वकिलाच्या मदतनिसाचा, कोर्स करते. सहा महिने वर्ग, छापील पुस्तक, परीक्षा, शेवटी सर्टिफिकेट. मी पुस्तक चाळून बघितलं. पक्षकाराशी सौजन्याने बोलावे, असं पहिल्या पानावर लिहिलंय. ज्यानं लिहिलं त्यानं पक्षकार बघितलेला नाही.

आमच्या वेळी पुस्तक नव्हतं. आमच्या वेळी तात्या होते.

आधी काम काय ते सांगतो, कारण लोकांना वाटतं कारकून म्हणजे वकिलाची पिशवी धरणारा. वकील कोर्टात उभा राहून बोलतो ते सगळ्यांना दिसतं. तो ज्या कागदावरून बोलतो तो कागद कारकुनानं उभा केलेला असतो. पक्षकार आला की त्याची हकिकत ऐकायची, त्याचं गाठोडं सोडायचं, कामाचे कागद निवडायचे, दाव्याची अर्जी लिहायची, तिकिटं लावून दाखल करायची, नकला काढायच्या, समन्स निघालं का बघायचं, साक्षीदार तारखेला हजर ठेवायचे आणि पुकारा झाला की वकील कुठं चहा पितोय ते शोधून त्याला पळवत आणायचं. एवढं करून दावा जिंकला तर वकिलानं जिंकला, हरला तर कारकुनानं कागद बिघडवला.

मी लागलो तेव्हा दुसऱ्या महायुद्धाची लढाई चालू होती. वय एकोणीस, लग्नाला वर्ष झालेलं, माळीवाड्यात एक खोली. आमचे वकीलसाहेब शांत माणूस, इंग्रजीत शिकलेले. त्यांच्याकडं तात्या म्हणून जुने कारकून होते. तपकीर ओढायचे आणि शिंकल्यावर समोरच्यालाच रागवायचे. वकीलसाहेबांनी मला त्यांच्या हवाली केलं आणि म्हणाले, “याला तयार करा.”

पहिले तीन महिने मी फक्त भोकं पाडली. कागदाच्या कोपऱ्यात दाभणानं भोक, त्यातून दोरा, वर गाठ. शेवटी वैतागून म्हणलं, “तात्या, शिकवणार कधी?”

“हे काय चाललंय मग? भोक अक्षरावर पडलं तर त्या अक्षरावर उद्या अपील होईल. हात बघू. थरथरतोय. आणखी महिनाभर भोकंच.”

नंतर लिहायला दिलं. लढाईमुळं कागद मिळत नव्हता, म्हणून चुकलं तरी तात्या कागद फाडत नसत. उलट्या बाजूला पुन्हा लिहायला लावत. तिथं चुकलं की समासात. समास भरला की मला म्हणत, “सख्या, आता तुझ्या पाठीवर लिहून घेऊ का?” चूक काय झाली ते कधी सांगायचे नाहीत. “कागदात शोध,” म्हणायचे. माझी निम्मी उमर कागदात शोधण्यात गेली.

आणि पक्षकार! राहुरीकडचा एक गडी बांधावरच्या बाभळीसाठी भांडत होता. त्याला म्हणलं, पुरावा आण. दुसऱ्या दिवशी बाभळीची फांदी खांद्यावर घेऊन हजर. ओसरीभर काटे. वर मलाच म्हणतो, “आता तरी पटलं का?” दुसऱ्या एकाच्या दाव्याच्या मुदतीचा शेवटचा दिवस अमावास्येला आला. त्या दिवशी तो काही केल्या अंगठा उठवीना. मी तासभर घसा कोरडा केला. शेवटी तात्यांनी बोरूसारखा माझा हात बाजूला सारला, त्याला पंचांग दाखवलं आणि म्हणाले, अमावास्या दुपारी सुटते, तोवर इथंच बसून राहा. तो बसला. दुपारी अंगठा उठवून मला म्हणाला, “तुमाला काय बी कळत न्हाई.” असे लोक. सौजन्यानं बोलायचं म्हणे.

नावाची रीत सांगतो, कारण पुढं तिचंच काम आहे. जुन्या कागदात बापाचं नाव जोडायला ‘बिन’ लिहीत आणि नवऱ्याचं जोडायला ‘कोम’. मी सखाराम बिन नारायण. कुणाला दोन नावं असली तर मधे ‘उर्फ’. गड्याला क्वचित लागायचं. पण आपल्याकडं लग्न झालं की पोरीचं नाव सासरी बदलत, म्हणजे प्रत्येक बाईला दोन नावं. माहेरचं एक, सासरचं एक. लग्नाआधीचा कागद एका नावाचा, नंतरचा दुसऱ्या. ते दोन हात एकमेकांत धरून ठेवायचं काम एवढ्याशा उर्फचं.

हे मला कुणी आधी सांगितलं नाही. तात्यांनी एवढंच सांगितलेलं, “कागदात आहे ते लिहायचं. तुला माहीत आहे ते नाही.” मला वाटलं, म्हाताऱ्याची सवय आहे बोलायची.

तात्यांना हिवताप झाला आणि ते पंधरा दिवस घरी पडले. त्याच पंधरवड्यात रुक्मिणीबाई आली.

पाथर्डीकडची, तिशीची बाई. कपाळ मोकळं, हात मोकळे. कमरेला पत्र्याची नळकांडी बांधलेली, तिच्यात कागद. इकडचं तिकडचं बोलली नाही.

“बानं मला रान दिलं. चार एकर, हिरीसकट. कागुद करून दिला. मी आठ-नऊ वर्सांची हुते. आता बा न्हाई, आय न्हाई, धनीबी गेला. म्हनलं आपल्या रानात जाऊन ऱ्हावं. तर चुलतभाऊ म्हनतो, कुनाचं रान?”

“नाव?”

“रुक्मिनी.”

कागद म्हणजे नोंदणी केलेलं बक्षीसपत्र, मोडीत लिहिलेलं. वकीलसाहेबांना मोडी येत नव्हती. त्यांच्यासाठी आणि कोर्टासाठी त्याची बाळबोध नक्कल करायची, म्हणजे आपण आता लिहितो त्या अक्षरात. मोडी मला बऱ्यापैकी येत होती. वाचलं तर लिहिलेलं, ‘माझी मुलगी ठकू हीस’.

“ही ठकू कोण?”

“मीच की. माह्येरचं नाव. सासरी रुक्मिनी ठिवलं.”

मी मान हलवली. त्यात काय नवल? माझ्या बायकोचंही नाव आम्ही बदललेलं, सरस्वती ठेवलेलं. माझ्या आईचं बदललेलं, वहिनीचं बदललेलं. मला ते इतकं अंगवळणी पडलेलं की नक्कल करताना मी ठकूच्या जागी सरळ रुक्मिणी लिहिलं. अर्जीतही रुक्मिणी. खरं सांगतो, मला वाटलं मी जुन्या कागदातली चूक दुरुस्त करतोय. वकीलसाहेबांनी वाचलं, दोन्ही ठिकाणी एकच नाव दिसलं, सही केली. दावा दाखल झाला. माझ्या हातचा पहिला दावा. त्या दिवशी मी पेढे आणले. आठवलं की अजून तोंड कडू होतं.

चुलतभावाकडून उत्तर आलं, त्याला कैफियत म्हणतात. त्यांच्याकडं डोळा बारीक करून मोडी वाचणारा एक म्हातारा कारकून होता. त्यानं मूळ कागद आणि माझी नक्कल शेजारी ठेवली आणि त्याचं काम झालं. भर कोर्टात वाचलं गेलं, की बक्षीसपत्रातली ठकू लहानपणीच तापानं मयत झाली, ही रुक्मिणी कोण बाई ते प्रतिवादीस ठाऊक नाही, आणि मूळ कागदात नसलेलं नाव वादीनं नकलेत घुसडलेलं आहे.

मी नाव बरोबर लिहिलं असतं तर ठकूला मारायचं त्या चुलतभावाच्या डोक्यात सुद्धा आलं नसतं. ती वाट मीच दाखवली.

जज्जसाहेबांनी नक्कल हातात धरून विचारलं, “ही कुणी लिहिली?” वकीलसाहेब म्हणाले, “माझ्या ऑफिसातली चूक आहे.” माझं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर बरं वाटलं असतं. जज्जसाहेब म्हणाले, अर्जी दुरुस्त करा, पण ठकू आणि रुक्मिणी एकच बाई हे साक्षीपुराव्यानं शाबीत करा. पुढची तारीख दिली.

बाहेर वडाखाली वकीलसाहेब मला म्हणाले, “सखाराम, बाईचं रान गेलं तर ते तुझ्या दौतीतून गेलं. साक्षीदार आण. नाही मिळाला तर माझ्याकडं पुन्हा लेखणी धरायची नाही.”

रुक्मिणीबाई तिथंच उभी होती. रागावली नाही, रडली नाही. म्हणाली, “म्या सांगितलं हुतं तुमाला, ठकू मीच मनून.”

तात्या तापातून उठून आले. मला वाटलं आता मारतात. त्यांनी माझी नक्कल वाचली, तपकीर ओढली आणि म्हणाले, “कागदात शोधायची गरज नाही या वेळी.” बस्स. शिव्या दिल्या असत्या तर मी जेवलो तरी असतो.

साक्षीदार मिळणं म्हणजे वैताग. बाईच्या माहेरच्या गावात सगळी चुलतभावाची माणसं. ज्याला विचारावं तो म्हणे, लई दिस झालं, ध्यानात न्हाई. एक म्हातारा तर म्हणाला, ठकूच्या तेराव्याला मी जेवलोय. म्हणून आम्ही सासरहून तिच्या सासूला आणलं. म्हटलं, हिनं नाव बदललं, हिच्याहून चांगला साक्षीदार कोण? दोन दिवस तिला शिकवलं. विचारलं की एवढंच सांगायचं, हिचं माहेरचं नाव ठकू. म्हातारी मान डोलवायची.

पिंजऱ्यात चढली. वकीलसाहेबांनी विचारलं, “तुमच्या सुनेचं माहेरचं नाव काय?”

“आमच्या घरात रुक्मिनी हाय.”

“ते ठीक. पण लग्नाआधी? ठकू होतं ना?”

“ठकूबिकू आमच्या घरात कुनी न्हाई. आमी नाव बदललं मंजी बदललं!”

समोरचा वकील हसत खाली बसला. त्याला उलटतपासणीचीही गरज वाटली नाही. आमचाच साक्षीदार, आमच्याच खर्चानं आणलेला. बाहेर आल्यावर मी हात जोडले, “अहो मावशी, नुसतं हो म्हणायचं होतं!”

“चारचौघांत सुनंचं माह्येरचं नाव घिऊ? वंगाळ दिसतं. आमाला काय अब्रू हाय का न्हाई?”

आणि तिथंच वडाखाली बसून तिनं आपल्या भाकरीतली अर्धी मोडून सुनेच्या हातावर ठेवली. बाई वाईट नव्हती. पण मला त्या क्षणी दोघींना तिथंच सोडून मुंबईला पळून जावंसं वाटलं. कोर्टानं आणखी एक तारीख दिली आणि शेवटची असं बजावलं.

घरी आलो. बायको तांदूळ निवडत होती. मी आल्या आल्या सुरू झालो. सासूला शिव्या, चुलतभावाला शिव्या, बायकांच्या जातीला शिव्या. एकेकीची दोन-दोन नावं, कुणी सांगितलेत हे धंदे? तिनं सूप खाली ठेवलं नाही. म्हणाली, “सांगितलंय तुमीच. आमी कुठं मागितलं हुतं दुसरं नाव?”

मी टोपी काढून खुंटीला अडकवली. मग तीच म्हणाली, “कासाराला का इचारत न्हाई?”

“कोण कासार?”

“बांगड्या भरनारा. त्यो माह्येरीबी येतो, सासरीबी येतो. बाई कुनाची ल्येक आन कुनाची सून, त्याला सगळं ठावं असतं. आमच्या राहात्याकडला कासार मला अजून जुन्याच नावानं हाक मारतो.”

“तुझं जुनं नाव काय?”

आता तिनं सूप ठेवलं. “तुमाला ठावं न्हाई?”

लग्नात कानावर पडलं असणार. पण तेव्हा वाजंत्री चालू होती आणि माझं लक्ष वरमाळेपेक्षा नव्या जोड्याकडं. घरात मी तिला ‘अगं’ म्हणायचो. सरस्वती सुद्धा नुसती रेशनकार्डावर होती.

“आदी त्या बाईचं नाव मिळवून द्या,” ती म्हणाली. “मग माझं सांगते.”

दुसऱ्या दिवशी पाथर्डीचा बाजार होता. लढाईत पेट्रोल मिळत नसल्यानं सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. करंजीच्या घाटात ती दोनदा बसली आणि आम्ही सगळ्यांनी उतरून ढकलली. तिकीट काढून ढकलायची मोटार. बाजारात बांगड्यांच्या तीन राहुट्या होत्या. तिसरीत बाबू कासार सापडला. साठीचा, बोटं बायकांसारखी मऊ. रुक्मिणीबाईचं आणि तिच्या माहेरच्या गावाचं नाव घेतलं तर म्हणाला, “ठकीचं इचारताय व्हय? रुक्मिनी म्हना का ठकी म्हना. दोन हाताला दोन मापं लागनारी बाई सगळ्या तालुक्यात येकच.”

मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं. म्हणलं, “कोर्टात येऊन एवढंच सांगा.”

त्यानं लगेच बांगड्यांच्या माळा आवरायला घेतल्या. “ते न्हाई जमायचं. त्या गावात मला पुन्हा पाय ठिवायचाय. चुलतभावाच्या घरात तीन सुना हायेत.”

तासभर बसलो. बायका येत होत्या, हात पुढं करत होत्या, तो हात चेपून बांगड्या चढवत होता आणि माझ्याशी बोलत नव्हता. शेवटी मोटारीची वेळ झाली तेव्हा मान वर न करता म्हणाला, “समन्स काढा माझ्या नावानं. बेलिफ पट्टा लावून आला पायजे, भर बाजारात, समद्यांच्या देखत. मी न्हाई म्हननार, त्यानं वरडायचं. मंजी मी आलो न्हाई, मला आनला.”

चौथी शिकलेल्या मला त्या माणसानं कायदा शिकवला. मी तसंच केलं. बेलिफाला आधी सांगून ठेवलं, जोरात ओरड. तो इतका ओरडला म्हणे की शेजारच्या राहुटीतली गिऱ्हाइकं पळाली.

तारखेला बाबू कासार पेटीसकट आला. पिंजऱ्यात म्हणाला, ठकी लहान असताना तिचा डावा हात रहाटात सापडला, हाड वाकडं बसलं, अंगठ्याचं मूळ बाहेर आलं. तेव्हापासून उजव्या हाताला सव्वादोनची बांगडी, डाव्याला अडीचची. माहेरी मी भरली, लग्नाचा चुडा मी भरला, सासरीही मीच भरत होतो.

समोरचा वकील उठला. “हात वाकडा असलेल्या बाया काय कमी आहेत? तुम्ही तोंड बघता की हात?”

“हात. तोंडावर पदर असतो, सायेब.”

“मग दाखवा.”

तो असं म्हणाला, पण विचार न करता म्हणाला असणार. कारण बाबू कासारानं पेटी उघडली आणि दोन हिरव्या बांगड्या काढल्या. विधवेच्या हातात बांगडी, तीही हिरवी, तीही चारचौघांत. सासू मागं बसलेली, तिनं तोंडाला पदर लावला. जज्जसाहेबांनी अडवलं नाही. रुक्मिणीबाई पुढं आली आणि तिनं स्वतःच हात पुढं केला.

उजव्या हातात सव्वादोनची सर्रकन गेली. तीच काढून डाव्याला लावली तर अंगठ्याच्या मुळाशी अडली. अडीचची गेली. कासार म्हणाला, “बगा.”

तेव्हा मागनं आवाज आला, “तवा म्याच तिला भाईर वढली हुती.”

चुलतभाऊ होता. आपल्याच वकिलाच्या मागं बसलेला. जज्जसाहेबांनी विचारलं, काय म्हणालात? तो उभा राहिला. त्याला थांबावं असं वाटलं नसावं, का थांबता आलं नाही, कुणास ठाऊक. म्हणाला, “रहाटात हात ग्येला तवा मी हुतो सायेब. म्याच बैल धरलं. न्हाई तर हातच ग्येला असता तिचा.” त्याच्या वकिलानं त्याचा सदरा ओढला तोवर सगळं बोलून झालं होतं. ज्या पोरीला त्यानं कागदावर मारली होती तिला त्यानंच एकदा वाचवली होती, आणि ते सांगितल्याशिवाय त्याला राहवलं नाही.

रुक्मिणीबाई त्याच्याकडं बघत राहिली. डाव्या हातात ती अडीचची बांगडी तशीच होती. कासार काढायला पुढं झाला तर तिनं हात मागं घेतला. मग सावकाश, अंगठा आत वळवून, स्वतःच काढली. फोडली नाही. त्याच्या पेटीत ठेवली.

निकाल तिच्या बाजूनं लागला. ‘रुक्मिणी उर्फ ठकू’ असं हुकुमनाम्यात आलं. प्रत्यक्ष रानाचा ताबा मिळायला पुढं तीन वर्षं गेली, ते तर बोलायलाच नको. कोर्टानं दिलं म्हणजे मिळालं असं ज्याला वाटतं त्यानं माझ्याबरोबर एकदा बेलिफाच्या मागं हिंडायला हवं होतं. पण मिळालं. तात्यांनी निकालाची नक्कल मला लिहायला दिली. एकही शब्द उलट्या बाजूला लिहावा लागला नाही. त्यांनी वाचली आणि दोऱ्याची गुंडी माझ्याकडं टाकली, “भोक पाड.” माझं सर्टिफिकेट म्हणाल तर तेवढंच.

त्या दिवसापासून माझ्यापुढं बसलेल्या प्रत्येक बाईला मी पहिला प्रश्न विचारला, माहेरचं नाव काय? बायका लाजायच्या, हसायच्या, कितीतरी वर्षांनी ते नाव तोंडावर आल्यासारखं करायच्या. काही जणी डोळे पुसायच्या. मी वैतागायचो. म्हणायचो, रडायचं नंतर, आधी नाव सांगा, उशीर होतोय.

निकाल लागला त्या संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. बांगडीचं सांगितलं तेव्हा ती आपल्या हाताकडं बघत बसली. मग म्हणाली, “आता माझं सांगते,” आणि सांगितलं. मी म्हणलं, चांगलं आहे.

“येकदा हाक मारा की त्या नावानं.”

“येडी का काय? शेजारी ऐकतील.”

“ऐकू द्या.”

“उद्या बघू,” मी म्हणलं. सकाळी लवकर नकलेचा अर्ज द्यायचा होता.

उद्या बघू म्हणल्याला पासष्ट वर्षं झाली. तिनं पुन्हा मागितलं नाही. मलाही आठवण राहिली नाही, हे कबूल करतो. आमच्या नातसुनेनं लग्नात नाव बदललं नाही, तेव्हा घरात धुसफूस झाली. मी सुद्धा रीत म्हणून बोललो. बायकोच म्हणाली, “ऱ्हाऊ द्या तिचं तिला.” आणि माझ्याकडं बघितलं. मला तेव्हाही कळलं नाही. इतकी वर्षं लोकांचे कागद वाचले, घरातला वाचला नाही.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तिला माणसं ओळखू येईनात. नर्सनं विचारलं, आजी, नाव काय तुमचं? तिनं माहेरचं नाव सांगितलं. नर्स माझ्याकडं वळून म्हणाली, “भ्रम झालाय. नाव चुकीचं सांगतायत.”

“बरोबर सांगते ती,” मी म्हणलं.

नर्स गेल्यावर मी तिच्या कानाशी वाकलो आणि त्या नावानं हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा. तिनं डोळे उघडले, माझ्याकडं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, “कोन हाय?”

त्या नावानं तिला हाक मारणाऱ्यांत मी कधी नव्हतोच. ती तरी कशी ओळखणार?

मी खिडकीवर चौथ्यांदा जाणार आहे. ते काही ऐकायचे नाहीत. म्हणून संपादकांनी हा कागद छापायला घेतलाच आहे तर यातच लिहून ठेवतो, खाडाखोड नाही, समासात नाही:

मयत सरस्वती उर्फ हौसा, कोम सखाराम, मूळ राहणार राहाता, हल्ली मुक्काम नगर. दोन्ही नावांची बाई एकच. हे मी जातीनं ओळखतो. लिहिणार, सखाराम बिन नारायण.